बर्फात वल्हवणारी

एनोकने पिशवी टेबलावर उपडी केली. आत शिंपले होते, चांगले दोन ओंजळी. खडूसारखे पांढरे, जाडजूड, काहींची झाकणं अजून एकमेकांना चिकटलेली आणि आत राखाडी चिकणमाती घट्ट बसलेली.

सेवेरिनेने कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. "हे काय? कचरा टाकायला एवढा समुद्र कमी पडला, म्हणून माझ्या टेबलावर आणलास?"

"बर्फाच्या कडेला सापडले, मामी. मातीत. कोपरभर खोल."

"पाखरांनी टाकले असतील. शिंपला फोडायला पाखरं तो खडकावर आपटतात, हे साठीला आलेल्या माणसाला मी शिकवू?"

"पाखरं खणत नाहीत, मामी," एनोक म्हणाला आणि उठला.

कॉफी ओतून झाली होती. साखरसुद्धा घालून झाली होती. ती तशीच वाफाळत ठेवून तो गेला. आमच्याकडे ओतलेली कॉफी टाकून कुणी उठत नाही. त्यापेक्षा थोबाडीत मारून गेलेलं बरं. आणि हा एनोक. ज्याने साठ वर्षांत कुत्र्यावरसुद्धा आवाज चढवला नाही, तो.

सेवेरिनेने शिंपले ॲप्रनमध्ये भरले, खणात टाकले, वर लोकरीचे गुंडे दाबले आणि खण धाडकन बंद केला. घरात कुणी नव्हतं. तरी कुणी बघितलं तर नाही ना, म्हणून ती खिडकीशी जाऊन आली.

एनोकने ते का आणले, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

एनोकची आई बिबियाने ही सेवेरिनेची थोरली नणंद. ठेंगणी, मऊ बोलणारी, कातडं शिवण्यात वस्तीत पहिली, आणि एकाच बाबतीत हट्टी. तिला खाडीतली नावं यायची. तिच्या आजीने बायकांच्या होडीत वल्हं मारलेलं होतं. सीलच्या कातड्याची ती मोठी होडी. सहा बायका वल्हवायला आणि मागे सुकाणूला एखादा म्हातारा. वल्हवताना बायका किनाऱ्याची नावं म्हणत जायच्या, एका हिसक्याला एक नाव. म्हणून बिबियानेला सुटं नाव विचारलं की ती गोंधळायची. तिला बसावं लागायचं. खुर्चीच्या कडेवर टेकून, मुठी पुढे धरून, पाठ मागे टाकून ती वस्तीच्या धक्क्यापासून निघायची आणि एकेक नाव घेत खाडीच्या आत आत जायची.

इथवर कुणाची काही तक्रार नव्हती. पण आमची खाडी आत जाऊन बर्फाला भिडायची. मोठ्या बर्फाची जीभ तिथे पाण्यात उतरलेली. चर्चच्या मनोऱ्याच्या दुप्पट उंच निळी भिंत. बिबियाने त्या भिंतीशी पोचायची आणि थांबायचीच नाही. भिंतीच्या जागी ती म्हणायची 'उइलोकार्फिक', म्हणजे शिंपल्यांचं ठिकाण, आणि तशीच पुढे वल्हवत राहायची.

बर्फात कुठले शिंपले आणि बर्फात कुठली होडी?

सेवेरिने तेव्हा बेचाळीसची होती. तिच्या जिभेला धार होती आणि ती धार चालवायला तिला माणसं लागायची. कुणाचा वाढदिवस असो, कुणाच्या पोराने पहिला सील मारलेला असो, कॉफीला घर भरलं की कुणीतरी म्हणायचंच, "सेवेरिने, वन्संची होडी काढ ना." मग ही खुर्चीच्या कडेवर बसायची. गाल फुगवायची, डोळे अर्धे मिटायची, बिबियानेच्या त्या मऊ, किंचित नाकातल्या आवाजात नावं सुरू करायची, आणि बर्फापाशी आली की "अरे, टाळकं आपटलं!" म्हणून मागे कोसळायची. माणसं डोळे पुसेपर्यंत हसायची. बिबियानेला त्यावरून नावच पडलं, बर्फात वल्हवणारी. तीही हसायची, एका बाजूने. हसली नाही तर आणखी हसतील, हे तिला कळत असणार.

मग चौतीस वर्षांपूर्वी जागांची नावं लिहून घेणारा एक माणूस नकाशा घेऊन वस्तीत आला. सगळे हॉलमध्ये जमले. बिबियानेने त्या दिवशी चांगला अनोराक घातला, केस विंचरले आणि पुढे जाऊन खुर्चीच्या कडेवर बसली. ती धक्क्यापासून निघाली. तो माणूस भराभर लिहीत होता. ती बर्फाशी आली, तिने शिंपल्यांचं ठिकाण म्हटलं, पुढे गेली, आणि मागून सेवेरिनेचा आवाज आला, अगदी तिच्याच नाकातला, तिच्याहून अर्धा हिसका पुढे. हॉल हसून फुटला. लिहिणारा माणूससुद्धा हसला. कागद खाली ठेवून हसला.

"बरं, मग या बर्फाला म्हणायचं काय?" त्याने डोळे पुसत विचारलं.

"एफ्राइमचा बर्फ," सेवेरिने म्हणाली. "माझ्या बापाने तिथे अस्वल मारलं होतं."

बापाने तिथे कुत्रा हरवला होता. एक लंगडं कुत्रं. पण नकाशावर एफ्राइम छापून आला, आणि तो नकाशा अजून दुकानाच्या भिंतीवर आहे.

बिबियाने त्यानंतर कधी त्या खुर्चीच्या कडेवर बसली नाही. सहा वर्षांनी गेली. त्यानंतर चार महिन्यांत एनोकला मुलगी झाली आणि तिचं नाव अर्थातच बिबियाने ठेवलं. आमच्याकडे मेलेल्याचं नाव नव्या बाळाला देतात, आणि नावाच्या पाठोपाठ नाती येतात. एनोक स्वतःच्या मुलीला 'आई' म्हणतो. ती बोलायला लागल्यापासून सेवेरिनेला 'वहिनी' म्हणते. आणि सेवेरिनेने तिला 'वन्सं' म्हणायला हवं होतं. अठ्ठावीस वर्षांत एकदाही म्हटलं नाही. "ए पोरी," म्हणायची, "अगं ऐक," म्हणायची, नाहीतर नुसतीच हनुवटी हलवायची. वस्तीत सगळ्यांना हे दिसत होतं. सेवेरिनेसमोर ते बोलून दाखवायला मात्र कुणाची छाती नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हीच बिबियाने दारात उभी होती, आणि तिच्यामागे चिखल्या.

चिखल्याचं खरं नाव ओदवार. नॉर्वेचा माणूस, ताडमाड उंच, केसांचा बायकांसारखा अंबाडा. तीन उन्हाळे येऊन तळ्यांच्या तळाशी लांब नळ्या ठोकतो आणि चिखल भरून नेतो, म्हणून चिखल्या. माणूस वाईट नाही. मत्ताक, म्हणजे देवमाशाची कच्ची साल, वाढली तर तोंड वाकडं न करता खातो. बिबियाने मोठ्या शहरात शिकून आली आणि आता त्याचं बोलणं आम्हाला सांगते, आमचं त्याला.

"वहिनी, पाच मिनिटं आहेत का?"

"बुटं काढून या. कालच फरशी पुसलीय."

चिखल्या वाकून आत आला तरी त्याचा अंबाडा चौकटीला घासला. कॉफी झाली. त्याने नकाशा उलगडला आणि बर्फाच्या जागी बोट ठेवलं. हा बर्फ गेल्या वीस वर्षांत खूप मागे गेला, हे सगळ्यांना माहीतच होतं. सेवेरिने तेवढी बघायला गेली नव्हती. गुडघा दुखतो, म्हणायची. त्याच गुडघ्याने ती टोपलीभर काळी बोरं वेचायला डोंगरावर जायची.

"तो विचारतोय," बिबियाने म्हणाली, "की एफ्राइमचा बर्फ हे नाव किती जुनं? त्याच्या आधी या जागेला दुसरं काही नाव होतं का?"

"त्याला कशाला हव्यात चौकशा? चिखल आहे ना एवढा."

"चिखल सगळं सांगत नाही, वहिनी. एनोकला सापडले तसले शिंपले पाच हजार वर्षांपूर्वीचे आहेत. तसले पन्नास त्याने तपासले. म्हणजे तेव्हा तिथे बर्फ नव्हता, समुद्र होता. मग बर्फ वाढत वाढत पुढे आला. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी सगळ्यात पुढे होता, तेही कळलंय. पण मधलं कळत नाही. पुढे येताना बर्फाने स्वतःच मधल्या काळातली माती खरवडून खाल्ली. आपली माणसं या खाडीत पहिल्यांदा आली, आठशे वर्षं झाली असतील, तेव्हा बर्फ कुठे होता? ते फक्त नाव सांगू शकतं. एखाद्या जागेला पाण्याचं नाव असेल आणि ती बर्फात असेल, तर…"

ती थांबली. सेवेरिनेकडे बघत राहिली. डोळे एनोकचे होते, आणि एनोकचे डोळे त्याच्या आईचे.

पोरीला ठाऊक होतं का? एनोकने सांगितलं होतं का? सेवेरिनेला काही वाचता येईना. एवढं मात्र दिसत होतं की आपण नुसतं 'होतं' म्हटलं की पुढचा प्रश्न येणार. मग तुम्ही तेव्हा का नाही सांगितलंत? अस्वल कुठलं? आणि दुकानातल्या नकाशाखाली उभं राहून पोरंटोरं म्हणणार, तो बघा कुत्र्याचा बर्फ.

"नाही," ती म्हणाली. "तेच जुनं. माझ्या बापाच्या आधी तिथे कोण मरायला जात होतं?"

बिबियानेने चिखल्याला सांगितलं. त्याने वहीत लिहिलं. लिहिताना त्याचा चेहरा पडला, पण मान डोलावून आभार मानले, आणि दोघं कॉफी संपवून, कप धुऊन ठेवून गेले. बिबियाने दारातून म्हणाली, "येता ना पाच वाजता हॉलमध्ये, चिखल बघायला? तुमची खुर्ची पुढे ठेवते, वहिनी."

सेवेरिनेला वाटलं होतं की आता सुटले. पण दिवसभर हात कशाला लागेनात. मासे चिरायला घेतले तर बोट कापलं. आपल्याशीच तावातावाने बोलत होती: म्हातारी गेली, तिला आता काय फरक पडतो? नाव नाव म्हणजे काय, खाता येतं का? आणि हसले तर सगळेच होते. मी एकटी होते का? आणि असं म्हणताना तिच्या कानात तोच आवाज यायचा, अर्धा हिसका पुढे गेलेला. तो बिबियानेचा नव्हता, तिचा स्वतःचा होता.

पाच वाजता हॉल भरला. चिखल्याने टेबलं जोडून त्यांच्यावर नळ्या उभ्या चिरून मांडल्या होत्या, आपण मत्ताकच्या पट्ट्या मांडतो तशा लांबच लांब. बायका वाकून बघत होत्या.

"हे बघ, अगदी सीलचं काळीज वाळवल्यासारखं," युदिता म्हणाली. युदिता ही सेवेरिनेची लहानपणापासूनची मैत्रीण, ऐंशीची, ठार बहिरी, आणि बहिरी असल्यामुळे ओरडून बोलणारी. "बोटाने चाखू का?"

"चाख. पाच हजार वर्षांत कुणी खाल्लं नाही, तूच राहिली होतीस," सेवेरिने तिच्या कानात ओरडली. माणसं हसली. ती पुढच्या खुर्चीवर बसली. क्षणभर तिला आपलं जुनं बळ परत आल्यासारखं वाटलं.

चिखल्या दाखवत होता आणि बिबियाने सांगत होती. जिथे माती तपकिरी, तिथे तळ्यात शेवाळं वाढत होतं, म्हणजे बर्फ लांब होता. जिथे राखाडी, पिठासारखी, तिथे बर्फ जवळ येऊन दगड दळत होता. तपकिरी पट्टा किती लांब होता! चार पावलं चाललं तरी तपकिरीच. हजारो वर्षं. मग हळूहळू राखाडी रेघा, एक-दोन, पुन्हा तपकिरी, जणू बर्फ येऊ की नको म्हणत होता. मग अचानक माती तुटलेली, वेडीवाकडी, दगड घुसलेले. "इथे बर्फाने खाल्लं," बिबियाने म्हणाली. त्याच्यावर बोटभर राखाडी, आणि अगदी वर नखाएवढं तपकिरी. "हे आपलं. आपल्या डोळ्यांदेखत झालेलं."

सेवेरिनेने आयुष्यभर त्या बर्फाकडे पाहिलं होतं आणि तो तिथेच होता, तिथेच राहणार, असं धरून चालली होती. ज्या भिंतीवर टाळकं आपटल्याचं नाटक करून तिने माणसं हसवली, ती भिंत त्या सगळ्या लांबीत बोटभर होती.

"जे खाल्लं गेलं त्याच्याबद्दल आपली नावं काही सांगतील अशी याला आशा होती," बिबियाने शेवटी म्हणाली. "पण वहिनींना विचारलं. एफ्राइमचा बर्फ, याहून जुनं नाव नाही. वहिनींनी सांगितलंय म्हणजे प्रश्नच मिटला."

टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर सेवेरिनेने दुप्पट परत केला असता. ते खरंच तसं होतं. वहिनींनी सांगितलं म्हणजे प्रश्न मिटला.

तिने मान वळवून हॉलकडे पाहिलं. निदान सहा माणसं त्यात अशी होती की ज्यांनी शिंपल्यांचं नाव बिबियानेच्या तोंडून ऐकलं होतं. चर्चमध्ये बाजा वाजवणारा पाव्हिया होता. दुकानदाराची सासू होती. युदिता होती. युदिता सोडून एकेकजण नजर चुकवून पायातल्या बुटांकडे बघायला लागला. कुणी तोंड उघडलं नाही. उघडलं तर सेवेरिने काय म्हणेल, पुढच्या कॉफीला कुणाची होडी काढेल, ही भीती. सत्तर वर्षं जीभ चालवून तिने काय कमावलं होतं, तर हे. मागच्या भिंतीशी एनोक उभा होता. त्याने हळूच टोपी डोक्यावर घातली आणि दाराच्या कडीला हात लावला. त्याच्या चेहऱ्यावर रागसुद्धा नव्हता.

"थांब," सेवेरिने म्हणाली.

तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. एनोक थांबला.

"मी खोटं बोलले."

हॉलमध्ये कुणीतरी कप खाली ठेवला, त्याचा आवाज झाला.

"दुसरं नाव होतं. उइलोकार्फिक. शिंपल्यांचं ठिकाण. माझ्या नणंदेने सांगितलं होतं, ह्याच हॉलमध्ये, लिहून घेणारा माणूस समोर बसलेला असताना. आणि मी मागून तिची नक्कल केली. तो हसला आणि त्याने लिहिलं नाही. मी माझ्या बापाचं नाव घुसवलं. बापाने अस्वल मारलं नव्हतं. त्याने कुत्रा हरवला होता." तिने चिखल्याकडे बोट केलं. "सांग त्याला. सगळं सांग. कुत्र्याचंही सांग."

चिखल्या बिबियानेकडे वळला. हे तिच्याच तोंडून जायचं होतं. जिची चेष्टा झाली तिचं नाव लावणाऱ्या मुलीने, जिने चेष्टा केली तिचे शब्द उचलून परक्या माणसाला द्यायचे होते. तिने ते दिले. हळूहळू, एकही न गाळता. ती भाषा सेवेरिनेला येत नव्हती, पण आपलं नाव कुठे आलं, एफ्राइमचं कुठे आलं आणि कुत्रा कुठे आला, ते तिला कळलं. कारण कुत्र्याशी चिखल्याच्या भुवया वर गेल्या आणि तो हसला नाही. सेवेरिनेचे कान तापले. शहात्तराव्या वर्षी माणसाचे कान असे तापतात हे तिला माहीत नव्हतं.

चिखल्याने काहीतरी विचारलं.

"तो म्हणतो, नाव एकच होतं का? की बर्फाच्या आत आणखी होती?"

"होती. पुढे होती. ती वल्हवत पुढे जायची."

"कुठली?"

"मला काय ठाऊक? मी शिकले नाही. मी कधी नीट बसून…" तिने एनोककडे मान वळवली. "तिने कुणालाच शिकवली नाहीत नंतर. एनोकला विचार."

"धक्क्यावरची पोरं मला वल्हव्या म्हणायची," एनोक दाराशी उभा राहून म्हणाला. "त्या दिवसानंतर मीच तिला सांगितलं होतं, आई, आता पुरे."

मग बिबियाने पुढे आली आणि सेवेरिनेच्या समोर उकिडवी बसली, तोंडाला तोंड येईल अशी.

"वहिनी, तुम्ही नक्कल करायचात."

"सांगितलं ना आत्ता. आणखी किती वेळा सांगू?"

"तसं नाही. नक्कल करायची तर नावं यायलाच हवीत. चुकीची म्हटली असती तर माणसं हसली नसती. सगळ्यांनी खरी ऐकलेली होती." तिने वही उघडली. "करून दाखवा."

"इथे?"

"हो. जशी करायचात तशीच. तिला सुटी नावं यायची नाहीत, बाबा सांगतात. तुम्हालाही यायची नाहीत."

सेवेरिनेला वाटलं, ही पोरगी सूड घेतेय. मग तिने तिचा चेहरा पाहिला. तिथे सूड नव्हता. तिला नावं हवी होती, बाकी काही नाही, आणि ती नावं ज्या एका घाणेरड्या भांड्यात उरली होती त्यातूनच ती काढायची होती. सूड असता तर सोपं झालं असतं.

"मला नाही जमणार, वन्सं," सेवेरिने म्हणाली.

शब्द तोंडातून गेला आणि मग तिला कळलं की गेला. हॉलमध्ये सगळ्यांना कळलं. बिबियानेची पेन्सिल क्षणभर थांबली. तिने माफही केलं नाही, रागही धरला नाही. "धक्क्यापासून," एवढंच म्हणाली.

सेवेरिने खुर्चीच्या कडेवर सरकली. मुठी पुढे धरल्या. गाल फुगवायचे नाहीत, असं तिने ठरवलं होतं, पण गाल फुगवल्याशिवाय पहिलं नाव आलंच नाही. तेव्हा तिने गाल फुगवले. डोळे अर्धे मिटले. आणि तिच्या गळ्यातून तो मऊ, नाकातला आवाज आला, चौतीस वर्षं खाली दाबून ठेवलेला, जसाच्या तसा. एनोकने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"कुबड्या खडक," तिने पाठ मागे टाकली. "दोन सुना भांडल्या ती जागा. वारा मागे राहतो. आजी लघवीला उतरते…"

"हाऽऽ!" युदिता खळखळून हसली. बहिऱ्या बाईला आधीचं काहीच ऐकू आलं नव्हतं. तिला एवढंच दिसलं, की सेवेरिने खुर्चीच्या कडेवर बसून वन्संची होडी काढतेय. "काढलीस! देवा रे, किती वर्षांनी! आता टाळकं आपट!"

कुणी तिला गप्प केलं नाही. ओरडून सांगावं लागलं असतं, आणि ओरडून काय सांगणार? सेवेरिने तशीच वल्हवत राहिली. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि हात मोकळे नसल्यामुळे ते पुसता येत नव्हतं.

"सील उन्हाला येतात. काळं पाणी. शिंपल्यांचं ठिकाण."

इथे ती नेहमी मागे कोसळायची. तिचं अंग आपोआप मागे गेलं. चौतीस वर्षांपूर्वीची सवय. तिने ते पाठीच्या जोराने धरलं आणि पुन्हा पुढे आणलं.

"हरणांची उडी," ती म्हणाली. "गुर्दा."

चिखल्याने टेबलावरचा एक फोटो उचलला. गेल्या उन्हाळ्यात बर्फाखालून एक बेट वर आलं होतं, अगदी गुर्द्यासारखं, मधोमध खोलगट, दोन्ही टोकं वळलेली. त्याला ते नाव कुणी भाषांतर करून सांगितलं नव्हतं, फक्त एनोकने फोटोवर बोट ठेवलं होतं. भिंतीपासून तो टेबलापर्यंत कधी आला, कुणी पाहिलं नाही.

"गोड देठांची उतरण," सेवेरिने म्हणाली. पाठ मागे गेली, पुढे आली. हात पुढे आले आणि तिथेच राहिले.

बिबियाने पेन्सिल धरून थांबली होती. "पुढे?"

"पुढे नाही."

"संपलं?"

"संपलं नाही." सेवेरिनेने मुठी सोडल्या नाहीत. आवाज आता तिचा स्वतःचा होता, खरखरीत. "मला एवढंच येतं. एवढ्यातच आम्ही हसायचो, मग तिचं पुढचं ऐकू यायचं नाही. त्या दिवशीही. तो माणूस हसत होता, मी हसत होते, सगळे हसत होते."

"मग ती थांबली?"

"तोंड हलत होतं तिचं," सेवेरिने म्हणाली. "आणि हात. मी बघत होते की. चांगले आठ-दहा हिसके मारले तिने त्यानंतर."

बिबियानेने ते चिखल्याला सांगितलं. त्याने अगदी हलक्या आवाजात विचारलं, की आठ की दहा. सेवेरिने खूप वेळ आठवत राहिली. तिला आठवलं नाही.